बॉम्बर वैमानिक लेस्ली मॅन्सरने स्वतः उडी का मारली नाही? वक्तृत्व स्पर्धेसाठी माहिती हवी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी कराडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय 'अखेरचा निर्णय', वेळ सात मिनिटं. बाजीप्रभू आणि तानाजी यांच्यावर अर्धे स्पर्धक बोलणार हे नक्की, म्हणून मी आडवाटेचा माणूस निवडलाय: लेस्ली थॉमस मॅन्सर. ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बर वैमानिक, पण जन्म नवी दिल्लीचा, ११ मे १९२२. वडील इथल्या टपाल-तार खात्यात इंजिनिअर. तो काही काळ दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगला शाळेत होता, मग घरचे सगळे इंग्लंडला गेले.

३० मे १९४२ च्या रात्री जर्मनीतल्या कोलोन शहरावर १०४७ विमानं गेली. एका रात्रीत हजारावर विमानं एकाच शहरावर, असं आधी कधी झालं नव्हतं. त्यातलं एक मॅन्सरचं. शहरावर त्याला तोफांचे गोळे लागले, परतीच्या वाटेवर डावं इंजिन पेटलं आणि बेल्जियममध्ये ब्रे गावाजवळ विमान पडलं. पडण्याआधी त्यानं बाकीच्या सहा जणांना उड्या मारायला लावल्या. सहाही जगले. तो विमानातच गेला. वीस वर्षं पूर्ण होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

इथपर्यंत माझं लिहून झालंय. घरी म्हणून दाखवलं तर भाऊ म्हणाला, "सहा उतरले ना? मग सातव्याला काय धाड भरली होती? दोन सेकंदांनी त्यानंही मारायची उडी." परीक्षकांनी हेच विचारलं तर काय सांगू? 'त्याग', 'बलिदान' असे मोठे शब्द वापरून वेळ मारून नेता येईल, पण मला खरं कारण हवंय. विमानातलं कळणारं इथे कुणी आहे का?

कोयनाखोरं

विमानातलं मला कळत नाही, पण विषयाबद्दल बोलतो, राग मानू नकोस. १९४२ साली साताऱ्यात इंग्रज काय करत होते ते तुला ठाऊक असेलच. त्याच इंग्रजांच्या बॉम्बरवाल्याचं कौतुक कराडच्या स्टेजवर कशाला?

आणि बॉम्बर म्हणजे तरी काय? आमचं गाव कोयना धरणाच्या खालच्या अंगाला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात 'धरण फुटलं' अशी आवई उठली की लोक डोंगराकडे कसे पळायचे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आता ब्रिटिश बॉम्बरांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम कोणता, तर मे १९४३ मध्ये जर्मनीतली धरणं फोडली तो. त्याचा म्होरक्या गाय गिब्सन, तोही जन्मानं शिमल्याचा. त्या पाण्यात तेराशेच्या वर माणसं बुडाली. त्यांत कितीतरी सोव्हिएत मुलखातून धरून आणलेल्या वेठबिगार बायका होत्या. धरणाखाली राहणाऱ्यानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

जुना फिटर

पोरी, तुझ्या भावाचा प्रश्न चांगला आहे. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, जास्त नोकरी कॅनबेरा बॉम्बरवर झाली, आग्रा आणि पुणे. आता खटाव तालुक्यात शेती बघतो. एका बोटानं टाइप करतो, तेव्हा सावकाश वाच.

आधी विमान समजून घे. मॅन्सरचं विमान अॅव्ह्रो मँचेस्टर. दोन इंजिनं, रोल्स-रॉइस व्हल्चर. नाव मोठं, पण इंजिन पार फसलेलं. चोवीस सिलिंडर, इंग्रजी एक्स अक्षरासारखी मांडणी, तापायचं आणि वाटेत दगा द्यायचं. विमानाचा सांगाडा मात्र उत्तम होता. पुढे त्याच सांगाड्यावर पंख लांबवून चार मर्लिन इंजिनं बसवली, तेच ते नावाजलेलं लँकेस्टर. मॅन्सरच्या मरणानंतर महिनाभरात मँचेस्टर लढाईतून काढून घेतली. म्हणजे त्या रात्री हजाराचा आकडा भरायचा म्हणून जे काही उडू शकतं ते सगळं उडवलं, त्यात ही खोडं पण गेली. शिकाऊ तुकड्यांमधली पोरं आणि त्यांचे मास्तरसुद्धा पाठवले होते.

आग लावणाऱ्या बॉम्बनी भरलेलं ते विमान सात हजार फुटांच्या वर जाईचना. बाकीचे कितीतरी वर. सर्चलाइटच्या झोतात सापडलं, गोळे लागले, तरी त्यानं सरळ नेऊन बॉम्ब टाकले. मग चुकवत चुकवत एक हजार फुटांवर आला. शहराबाहेर पडला तेव्हा मागचा गनर जखमी, पुढे धूर आणि डावं इंजिन तापलेलं.

इथे पहिली संधी होती. सगळ्यांनी उडी मारायची, जर्मनांच्या हाती लागायचं, युद्ध संपेपर्यंत कैदेत राहायचं. जीव वाचला असता. त्यानं ते केलं नाही, विमान दोन हजार फुटांवर चढवलं, घरी न्यायचं म्हणून. तेवढ्यात डावं इंजिन पेटलं. आग आटोक्यात यायला दहा मिनिटं गेली. दहा मिनिटं म्हणजे किती, ते पंखात पेट्रोल भरलेल्या विमानात बसल्याशिवाय कळायचं नाही. आग विझली, पण इंजिन कायमचं गेलं, पंखाचा काही भाग जळला आणि वेग धोक्याच्या खाली यायला लागला. ही दुसरी संधी. पुन्हा त्यानं जवळच्या इंग्लिश तळाकडे तोंड फिरवलं.

आता तुझ्या भावाचं उत्तर. डावं इंजिन बंद, उजवं पुऱ्या ताकदीनं ओढतंय. बैलगाडीला डावा बैल बसला आणि उजवा ओढत राहिला की गाडी डावीकडेच वळणार, तसं विमानाचं नाक डावीकडे वळतं. त्याबरोबर डावा पंख खाली जातो आणि विमान त्या अंगावर उलथं व्हायला बघतं. ते थोपवायला वैमानिक उजव्या पायानं रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचं, पेडल दाबून धरतो, हातानं चाक उजवीकडे. पाय दाबून धरायचा म्हणजे अंगातली सगळी ताकद लावायची, मांडी थरथरायला लागते. आणि रडर चालतं ते वाऱ्याच्या दाबावर. वेग एका मर्यादेखाली गेला की पाय कितीही दाबा, रडरला दमच राहत नाही. मग चालू इंजिनाची ताकद कमी करायची, तर विमान खाली बसतं. दोन्हीकडून मरण.

अशा वेळी पाय उचलला तर काय होतं? विमान सरळ जात राहत नाही. काही क्षणांत कलतं आणि गिरक्या घेत खाली. आत जे कुणी दाराकडे सरपटत चाललेले असतील ते भिंतीला चिकटतात, हलता येत नाही. उंची शिल्लक काही शे फूट. म्हणजे शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत पाय तिथंच पाहिजे. आणि शेवटचा माणूस पडल्यावर वैमानिकाकडे वेळ उरत नाही: पट्टे सोडायचे, छातीवर पॅराशूट अडकवायचं, उंच सीटवरून खाली उतरायचं, नाकातल्या झडपेपर्यंत जायचं. तेवढ्यात जमीन येते.

एका सार्जंटनं त्याच्यापुढे पॅराशूट धरलं होतं. त्यानं हातानंच नको म्हणून सारलं आणि सांगितलं, तू उडी मार, मी आणखी काही सेकंदच धरू शकेन. तो सार्जंट म्हणजे दुसरा वैमानिक लेस्ली बेव्हिस्टॉक. त्यानं उडी मारली तेव्हा उंची इतकी कमी होती की पॅराशूट नीट उघडलंच नाही. खाली पाण्यानं भरलेला चर होता म्हणून वाचला. आता हिशेब कर, त्याच्यानंतर निघणाऱ्याचं काय झालं असतं.

तेव्हा 'बसून राहिला' हे खरं नाही. तो कामात होता. मला विचारशील तर त्याला मरायचं नव्हतंच, शेवटपर्यंत विमान इंग्लंडला न्यायच्या खटपटीत होता. दोनदा घरचा रस्ता धरला, तिसऱ्यांदा रस्ताच उरला नाही. तू भाषणात त्याला सुरुवातीपासून हौतात्म्याला निघालेला करू नकोस. खोटं वाटेल.

एक आमच्यातलं सांगतो. आपल्याकडच्या कॅनबेरा बी(आय)-५८ मध्ये वैमानिकाला इजेक्शन सीट होती, नेव्हिगेटरला नव्हती. वैमानिक कळ ओढून बाहेर. नेव्हिगेटरनं मात्र नाकातून मागे सरकून, बाजूच्या दारातून उडी टाकायची. विलायतेत तशाच बनवल्या होत्या. त्या सीटची काडतुसं आणि पिना मी कितीतरी वेळा तपासताना बघितल्या आहेत, आणि दर वेळी मनात हेच यायचं की खालच्या माणसाला अजून बाहेर पडायचंय आणि वरच्याच्या हातात कळ आहे. नियमाच्या वहीत याचं उत्तर एका ओळीत असतं. विमानात ते एका माणसाकडे असतं.

(कोयनाखोरं, तुमचं राहिलं. संध्याकाळी लिहितो, मोटरची लाइट आलीय.)

सांगलीच्या बाई

फिटर काकांनी विमान सांगितलं, मी जरा पुढचं सांगते. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त.

विमानात शेवटी काय झालं हे जगाला कळलं कसं? पाहणारे परत आले म्हणून. सहापैकी नेव्हिगेटर बार्न्स पकडला गेला. उरलेले पाच जण बेल्जियममधल्या लोकांनी लपवले आणि 'कॉमेट' नावाच्या गुप्त साखळीनं ब्रुसेल्स, पॅरिस, मग पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेन, तिथून जिब्राल्टर, असे इंग्लंडला पोचवले. त्यांच्या साक्षीवर ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ही साखळी उभी करणारी आंद्रे द जाँग ही तेव्हा पंचविशीतली बेल्जियन मुलगी. स्वतः माणसं घेऊन डोंगर ओलांडायची. जानेवारी १९४३ मध्ये पकडली गेली, रावेन्सब्रुक आणि माउटहाउसेनच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आली आणि नंतर आफ्रिकेत कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांत काम करत राहिली. कराडच्या मुलीनं मॅन्सरवर बोलताना हिच्यासाठी एक मिनिट तरी राखून ठेवावं, असं माझं म्हणणं. सहा जीव मॅन्सरनं विमानातून बाहेर काढले, त्यातले पाच घरी पोचवले ते शेतकऱ्यांनी आणि अशा मुलींनी. पकडले गेले असते तर या लोकांना गोळीच होती.

आपल्या बाजूचा धागा हवा असेल तर तोही आहे. मॅन्सरची बहीण जॉन रँडल या अधिकाऱ्याला दिलेली. हा रँडल मे १९४४ मध्ये कोहिमाच्या लढाईत मारला गेला. जपानी बंकरच्या भोकावर स्वतःचं अंग टाकून त्यानं ते बंद केलं. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. एकाच घरात भाऊ आणि नवरा, दोघांचे दोन क्रॉस, दोन वर्षांच्या आत. मॅन्सरची कबर बेल्जियममध्ये हेव्हर्लीला, रँडलची आपल्या नागालँडमध्ये. त्या बाईबद्दल कुठं फारसं कुणी बोलत नाही.

आणि कोलोन. त्या रात्री शहरात पावणेपाचशेच्या आसपास माणसं मेली, पंचेचाळीस हजार बेघर झाली. चाळीसहून जास्त ब्रिटिश विमानं परत आली नाहीत. हे आकडे भाषणात असू देत. लपवलेस तर कोयनाखोऱ्याच्या गृहस्थांसारखा एखादा परीक्षक तुला तिथंच धरेल, आणि बरोबरच करेल.

कोयनाखोरं

बाई, धन्यवाद. माझा मुद्दा तोच आहे. फिटर काकांचं वाचून त्या पोराबद्दल वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण सात हजार फुटांवरून आग टाकताना त्याचे हात थरथरले नाहीत, आणि आपल्या सहा जणांसाठी मात्र जीव दिला. खालच्यांचा जीव जीव नव्हता का?

जुना फिटर

होता की. मी बॉम्बरवाला असून सांगतो, होता. ३ डिसेंबर १९७१ ला आग्र्याच्या धावपट्टीवर पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा मी खालचा होतो. चांदण्यात चमकू नये म्हणून ताजमहाल झाकायची तेव्हाची लगबग आठवते. वरून येणारा आवाज ऐकला की वरच्या माणसाचं वय, आईबाप, काही मनात येत नाही. आणि आमचीच विमानं परत येताना मोजताना खालच्या लोकांचं काही मनात येत नव्हतं, हेही खरं. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच माणसाच्या डोक्यात.

तुमचा इंग्रजांचा मुद्दा. आमच्या घरात थोरले चुलते मराठा पलटणीत होते, ४/५ मराठा, मार्च १९४४ मध्ये मणिपूरला सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांशी लढले. धाकटे चुलते ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चात होते, जिथं इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि नऊ माणसं हुतात्मा झाली. पुढे ते पत्री सरकारच्या माणसांना भाकरी पोचवायचे. दोघं भाऊ, एक चूल. थोरल्यांच्या मनिऑर्डरीवर घर चालायचं आणि त्याच पिठाची भाकरी धाकटे रानात न्यायचे. आजीनं दोघांतल्या कुणालाही चूक ठरवलं नाही, निदान आमच्यासमोर तरी. जेवताना दोघं शेजारी बसायचे आणि युद्धाचा विषय निघाला की थोरले उठून गोठ्यात जायचे. तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्याचं नाव साताऱ्यात घ्यायचं नाही म्हटलं तर मला आधी घरातला एक फोटो काढावा लागेल.

मेडल कशाचं, हे मात्र नीट बघा. बॉम्ब टाकल्याचा उल्लेख सन्मानपत्रात आहेच, ते सरकारचं कागद आहे, असणारच. पण कोलोनवर त्या रात्री हजार जणांनी बॉम्ब टाकले, क्रॉस सगळ्यांना मिळाला नाही. बॉम्बर कमांडचे सव्वा लाख वैमानिक आणि कर्मचारी उडाले, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरात चव्वेचाळीस. आणि युद्ध संपल्यावर त्यांच्याच सरकारला त्यांची लाज वाटायला लागली, वेगळं मोहीम-पदक दिलं नाही. लंडनमध्ये स्मारक उभं राहिलं २०१२ साली. म्हणजे तुमचा प्रश्न इंग्रजांनाही पडला होताच. सुटला नाही म्हणून सत्तर वर्षं लागली.

आणि आपल्याकडे बघा. पद्मनाभ गौतम, कॅनबेराचे वैमानिक, १९६५ ला महावीर चक्र, १९७१ ला दुसऱ्यांदा महावीर चक्र. देशात असे दोनदा मिळवणारे सहाच. नोव्हेंबर १९७२ मध्ये इथं पुण्यात मिग-२१ च्या अपघातात गेले. सातारा-सांगलीतल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? पोरी, परक्या माणसावर बोलतेयस त्याला माझी हरकत नाही, पण पुढच्या स्पर्धेला यांचं बघ.

कृष्णाकाठची

काका, बाई, खूप खूप आभार. भावाला रडरचं पेडल समजावून सांगितलं, खुर्चीत बसवून भिंतीला पाय लावून दाबायला लावला. मिनिटभरात सोडला त्यानं. कोयनाखोरं दादा, तुमचा 'खालच्यांचा जीव' हा प्रश्न मी भाषणात घेणार आहे, उत्तर न देता. चालेल ना?

आता अडचण अशी की सगळं घेतलं तर बारा मिनिटं होतायत. रँडल ठेवू की आंद्रे? आणि मॅन्सरच्या नावानं कुठं काही आहे का?

सांगलीच्या बाई

आंद्रे ठेव. रँडल एका वाक्यात. स्मारकाचं म्हणशील तर लिंकन शहरात त्याच्या जुन्या स्केलिंगथॉर्प तळाच्या जागेवर आता वस्ती झालीय, तिथल्या प्राथमिक शाळेला त्याचं नाव आहे.

कोयनाखोरं

चालेल. पण उत्तर न देता सोडलास तर परीक्षक गुण कापतात, अनुभवानं सांगतो. धरणाचं नको घेऊस, ते गिब्सनचं, मॅन्सरचा त्याच्याशी संबंध नाही.

जुना फिटर

इंजिनाचं सगळं काढून टाक, फक्त पाय ठेव. एक्स आकार, चोवीस सिलिंडर हे कुणाला कळणार नाही आणि मिनिट खाईल. उंचीचे आकडे ठेव: सात हजार, एक हजार, दोन हजार. त्यावरून ऐकणाऱ्याला आपोआप कळतं काय चाललंय ते. मँचेस्टर हे विमानाचं नाव आहे हे आधीच सांग, नाहीतर लोक त्याला मँचेस्टर शहरात पाडतील. आणि स्टेजवर पाय दाबून वगैरे दाखवू नकोस, नुसतं सांग. स्पर्धा कुठल्या तारखेला आहे? शनिवार असेल तर येईन, वडूज-कराड एसटी सकाळी असते.